मावशीच्या गाडीचा उजवा दिवा

हैदराबादला जाऊन मी चारमिनार पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. गोवळकोंडाही नाही. परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, "मोती आणलेस का गं?" तर मोती नाहीत, बांगड्याही नाहीत. आणलं काय, तर नखांत शिरलेलं काळं ग्रीस आणि मनगटावर एक लांब ओरखडा. तरी विचारलंत म्हणून सांगते, कारण असली सहल कुठल्या यात्रा कंपनीत मिळत नाही, आणि मिळाली तरी कुणी घेऊ नये.

गेले होते शशीमावशीकडं. माझ्या आईची ही धाकटी बहीण. मूळची सांगलीची, लग्न होऊन हैदराबादला गेली आणि तिकडचीच झाली. तिच्या सासरचे लोक मराठवाड्यातले, निजामाच्या राज्यापासून जामबागेत राहिलेले. काका जाऊन काही वर्षं झाली. एकुलता मुलगा नितीन दुबईला. मावशी सत्तरीच्या पुढची, घरात एकटी, आणि काकांनी घेतलेली जुनी पांढरी गाडी अजून स्वतः चालवणारी. भाजीला गाडी, भिशीला गाडी, देवळात गाडी. तिच्या बिल्डिंगमधल्या सुना रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभ्या असतात आणि ही बया काच खाली करून विचारते, "चलतीस का गं?"

आणि ही गाडी नितीनला विकायची होती. दोन वर्षं मायलेकरांचा फोनवर हाच वाद. या खेपेला त्यानं गिऱ्हाईक ठरवूनच टाकलं, सोमवारी येऊन गाडी घेऊन जाणार. मग मावशीनं त्याला शब्दात पकडलं. म्हणाली, "रविवारी संध्याकाळी विमानतळावर तुला घ्यायला मी येते. मी नीट आले आणि तुला नीट घरी आणलं, तर हा विषय बंद." नितीन हुशार. तो म्हणाला, "चालेल. पण गाडीत एक जरी गोष्ट बंद दिसली ना आई, तर सोमवारी मी काही ऐकणार नाही."

म्हणून मावशीचा मला फोन. "नंदे, ये गं दोन दिवस. सोबतीला बस नुसती माझ्या बाजूला." मी काय, पिशवी भरायलाच टपलेली असते.

शनिवार, जामबाग

पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. मावशीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला गाडीतलं कळतं ना गं थोडं?" मी म्हटलं, घरची गाडी चालवते, चाक बदलता येतं, आणि आमच्या ह्यांच्या हाताखाली स्पॅनर द्यायला उभी राहून राहून निम्मी मेकॅनिक झालेय. "बस, पुरे झालं," ती म्हणाली आणि आत वळली.

जेवण मात्र तिकडचं. आमच्याकडं आमटीत गुळाचा खडा, इथं चिंचेचा कोळ. ज्वारीची भाकरी आपलीच, पण सोबत अंबाडीची आंबट भाजी, आंबट डाळ आणि वर बगारं वांगं, तेही आंबट. मी दुसऱ्या घासालाच डोळे मिचकावले तर मावशी म्हणते, "कायकू तोंड वाकडं करतीस? खा गपचिप. सांगलीचं गोड खाऊन खाऊन मऊ झालीस पूरी." तिची मराठी अशीच. "हौ" म्हणते, "नक्को" म्हणते, भाजीवालीशी तेलुगू आणि देवाशी संस्कृत. पण चिडली की शुद्ध सांगली.

तिसऱ्या प्रहरी मी बघितलं, ती डाळ निवडत होती ती बोटांनी चाचपून. म्हटलं, वयच झालं आता. जास्त काही मनात आलं नाही.

अंधार पडायला हिमायतनगरला तिच्या मैत्रिणीकडं निघालो. मावशीनं गाडी सुरू केली, दिवे लावले, आणि वॉचमन यादगिरी हात हलवत धावत आला. "अम्मा, रुको! आपका एक लाइट नै जलता."

उतरून पाहिलं. डावा दिवा लागलेला, उजवा ठार काळा.

मला वाटलं, आता ही कपाळावर हात मारणार. उद्या विमानतळ, आणि आज दिवा गेला! तर मावशीचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. "म्हणजे बल्ब गेलाय!" ती टाळी वाजवायचीच बाकी होती. "मी म्हणतेच ना! किती दिवस झाले, अंधार पडला की मला रस्ता धड दिसत नाही. मला वाटायचं यांनी रस्त्यावरचेच दिवे मंद केले का काय. हौ गं, हा मेला बल्बच होता!"

मलाही पटलं. एका दिव्यावर कुणाला धड दिसणार?

तिनं यादगिरीला बाजूला घेऊन बजावलं की नितीनला हे सांगायचं नाही. "सरे अम्मा," तो म्हणाला, पण नजर जमिनीकडं. नितीननं जाताना त्याला आपला नंबर दिलेला आणि आईची खबर रोज कळवायला सांगितलेलं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. मावशी जिना चढताना म्हणाली, "उद्या हा दुपारी झोपतो, तेव्हाच काम उरकायचं. मेकॅनिक बोलवला की झाला गाजावाजा." मेकॅनिकचंही काही खरं नव्हतं म्हणा. फोन लावला तर तो लग्नाला गावी गेलेला.

रविवार सकाळ, आबिड्स

रविवारी आबिड्सला दुकानं बंद आणि फूटपाथ उघडा. बंद शटरांच्या पुढं जुन्या पुस्तकांचे ढीग, डॉक्टरकीची जाड पुस्तकं, गाईडं, फाटक्या कादंबऱ्या, आणि त्यावर वाकलेली माणसं. एरवी मी तिथंच दुपार केली असती. पण आज डोक्यात फक्त बल्ब. बल्बचं दुकान मिळालं नाही तर संपलंच.

आम्ही गल्ल्या धुंडाळत निघालो. जो तो म्हणायचा, "बस, यहींच है, आगे." हे हैदराबादचं "यहींच" आमच्या सांगलीत दोन गावांमधलं अंतर असतं. मोटारीच्या सामानाच्या गल्लीत सगळी शटरं खाली. एका ठिकाणी मात्र अर्धं शटर वर आणि आत एक गृहस्थ हिशेब सोडून बिस्किट चहात बुडवत बसलेले. मावशीनं वाकून आत हाक मारली, "भाईसाब, इमर्जन्सी है!" ते दचकले, बिस्किट चहात पडलं.

त्यांना आम्ही जुना बल्ब दाखवला, तो मी सकाळीच यादगिरी आंघोळीला गेला तेवढ्यात, अंदाज घेता घेता काढून रुमालात गुंडाळून आणलेला. काच काळी पडलेली, आतली तार तुटून लोंबणारी. त्यांनी फळ्या धुंडाळल्या, खोकी उतरवली आणि शेवटी एक धुळकट डबी माझ्या हातात ठेवली. "ये एकच है. बाकी माल गोदाम में, सोमवार कू मिलता."

सोमवारी गाडीच नसणार होती. मी डबी पर्समध्ये, पर्स पोटाशी, अशी गल्लीतून बाहेर आले. कोपऱ्यावरच्या इराण्याकडं मावशीनं चहा आणि उस्मानिया बिस्किटं घ्यायला लावली. एरवी तो दाट चहा मी चवीनं प्यायले असते. त्या दिवशी प्रत्येक धक्क्याला मी पर्स चाचपत होते आणि मावशी मात्र खुशीत, "आता बघ कसा लख्ख उजेड पडतो," असं घोटाघोटाला म्हणत होती.

रविवार दुपार, बिल्डिंगच्या मागं

यादगिरी जेवून खाटेवर आडवा झाला, तसे आम्ही दोघी चोरांसारख्या खाली उतरलो. मी हात साबणानं धुऊन, कोरडे करून, स्वच्छ फडकं घेतलेलं. हे दिव्याचे बल्ब फार नखरेल असतात. काचेला बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथंच ती काच दगा देते. आमच्या ह्यांनी एक बल्ब असाच दोन दिवसांत घालवला होता, तेव्हापासून मला हे चांगलं पाठ.

डबी उघडली, बल्ब खालच्या पत्र्याला धरून अलगद वर काढला, आणि मावशी म्हणाली, "थांब."

तिच्या दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा.

"मावशी, आत्ता?"

"मग कधी? नवीन वस्तू गाडीला लावायची ती कोरडी लावतात होय? तुमच्या सांगलीत सोडलं का सगळं?"

सोडलं नाही. आम्हीपण फ्रीजला लावतो, गिरणीला लावतो, नव्या कुकरला लावतो. वाद घालायला वेळ नव्हता. म्हटलं, "बरं, पण काचेला अजिबात नको. इथं, हा खालचा पत्रा आहे ना, त्याला टेकव नुसतं."

"हौ हौ, कळतं मला," ती म्हणाली. करंड्यातलं कुंकू तिच्या बोटाला चिकटेना म्हणून तिनं ते बोट केसांतून फिरवलं. सकाळीच तेल लावलेल्या केसांतून. आणि तेच बोट कुंकवात बुडवून तिनं थेट काचेच्या मधोमध दाबलं. वर हळदीचं दुसरं.

"मावशी!" मी ओरडलेच. "काचेला नको म्हटलं ना! डोळे आहेत का काय आहे तुला?"

माझ्याशी भांडेल, उलट चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. पण तिनं नुसतं करंड्याचं झाकण लावलं, दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा ते बसलं नाही. मला लगेच वाईट वाटलं, पण रागही होता. गावात एकच बल्ब, आणि त्याच्या अंगावर तेलकट लाल टिळा!

आता हे पुसायचं कशानं? ओल्या फडक्यानं तेल आणखी पसरतं. मावशीच हळूच म्हणाली, "काकांच्या इंजेक्शनचं स्पिरिट आहे वर. कपाटात." मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले, बाटली आणि कापूस घेऊन आले. बल्ब पत्र्याला धरून स्पिरिटनं पुसला. कापूस गुलाबी झाला. पुन्हा पुसला. पिवळा झाला. कोरा कापूस कोरा निघेपर्यंत पुसत राहिले. मावशी शेजारी उभी राहून पुटपुटत होती, देवाला सांगत असावी की आम्ही कुंकू पुसतोय ते नाइलाजानं.

मग खरी लढाई. बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. उजव्या दिव्याच्या मागं काच धुवायच्या पाण्याची बाटली अशी आडवी बसवलेली की माझा हात जेमतेम मनगटापर्यंत आत जाई. सकाळी काढताना सोपं गेलं होतं. काढणं नेहमीच सोपं जातं. बसवताना बल्बचे तीन कान तीन खाचांत बरोबर बसायला हवेत, आणि त्या खाचा दिसत नाहीत, काच टेकली तर पुन्हा स्पिरिट, आणि घाम तर नाकावरून टपटप. बल्ब फिरवला, बसला नाही. थोडा उलटा फिरवला, नाही. मनगट पत्र्यावर घासून सोलून निघालं. शेवटी एकदाचा तो आत सरकला आणि हलेनासा झाला.

आता त्याला धरून ठेवणारी तारेची कमान. ती खाचेत अडकवायची. मी अंगठ्यानं दाबली, ती सटकली, टणकन उडाली आणि इंजिनाच्या पोटात कुठंतरी दिसेनाशी झाली.

"काय वाजलं गं?" मावशी.

"काही नाही," मी म्हटलं. ती तार नसेल तर बल्ब पहिल्याच खड्ड्यात आत लोंबकळणार. आणि हैदराबादच्या खड्ड्यांबद्दल मी पाहुणी आहे म्हणून काही बोलत नाही.

मोबाईलच्या उजेडात वाकून वाकून शोधलं. मान अवघडली. खाटेवर यादगिरी कूस बदलून खोकला, तेव्हा आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. तो परत घोरायला लागला. तार दिसली ती बॅटरीखालच्या पत्र्याच्या कपारीत, बोट पोचणार नाही अशा ठिकाणी. मावशीनं वरून चुलीवरचा चिमटा आणला. पातेली उतरवायचा तो, काळा. त्यानं धरली, सुटली. धरली, सुटली. तिसऱ्यांदा मी दात आवळून धरली आणि वर काढली. या वेळी तारेचं एक टोक आधी अडकवलं, दुसरं तळव्यानं रेटलं. खट् झालं. तो खट् मला आजही ऐकू येतो. रबराची टोपी वर चढवली, वायरचा प्लग ढकलला.

"लाव दिवे," मी म्हटलं.

मावशी आत बसून बटण दाबती झाली. मी पुढं भिंतीकडं पाहिलं. सावलीतल्या भिंतीवर दोन गोल, सारखे, स्वच्छ, पांढरे.

"लागला!" मी नाचलेच. मावशी उतरून आली, भिंतीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हौ, लख्ख आहे. आता काही चिंता नक्को." तिनं माझ्या ग्रीसच्या गालाचा मुका घेतला. मघाचं ओरडणं मी मनातून काढून टाकलं.

मेहदीपट्टणमचा पूल

संध्याकाळी मावशीनं खडीची चंदेरी साडी नेसली, केसांत अबोलीची वेणी घातली आणि चाकाला हात लावून नमस्कार केला. सूर्य बुडत आलेला. नामपल्ली, मासाबटँक, मेहदीपट्टणम, गर्दी तर विचारू नका. रिक्षा नाकासमोर, बस बाजूनं, आणि रस्ता ओलांडणारी माणसं नुसता तळहात दाखवून गाड्या थांबवतात. आमच्याकडं आधी रस्ता बघतात, मग उतरतात. इथं आधी उतरतात, मग बघतात. पण मावशी मस्त चालवत होती. उजेड होता तोवर मला मान्य करावंच लागलं की या बाईचा हात पक्का आहे. हॉर्न मोजका, ब्रेक हळू, आणि एका मोटारसायकलवाल्याला तर तिनं तेलुगूत असं काही सुनावलं की तो लाजून बाजूला झाला.

मेहदीपट्टणमला विमानतळाकडं जाणाऱ्या लांबलचक उड्डाणपुलावर चढलो आणि पुरता अंधार पडला. हा पूल म्हणजे शहराच्या डोक्यावरून गेलेला कोसाकोसाचा रस्ता. दोन्ही बाजूंना कठडा, उतरायच्या वाटा मोजक्या, थांबायला जागा नाही, मागून येणारा प्रत्येक जण घाईत. आमचे दोन्ही दिवे रस्त्यावर छान पसरलेले. मी मनात म्हटलं, आता जमलंच. नितीनला दाखवायचंच, बघ म्हणावं तुझी आई.

"नंदे."

"काय गं?"

"उजवा लागलाय ना?"

"लागलाय की. समोर बघ ना."

"दोन्ही लागलेत?"

"दोन्ही."

मग ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "मग मला रस्ता का दिसत नाही गं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती स्टीअरिंगला छाती टेकवून, डोळे ताणून बसलेली. पलीकडच्या बाजूनं गाड्यांची रांग आली की तिचा चेहरा आक्रसायचा. "ते दिवे आले की सगळं पांढरं होतं," ती म्हणाली. "गेले की सगळं काळं. पट्टा दिसत नाही. कठडा दिसत नाही. नंदे, मला काहीच दिसत नाही."

मागून मोठा हॉर्न. गाडी डावीकडं सरकत होती. कठडा माझ्या दारापासून हातभर राहिलेला.

"उजवीकडं घे! थोडं! बस, आता सरळ!" माझा आवाज चिरकला. मग मीच स्वतःला दटावलं, कारण घाबरलेल्या माणसाला ओरडलेलं ऐकून आणखी घाबरायला होतं. "मावशी, मी आहे. मी सांगते तसं कर. पाय हळू उचल. एकदम ब्रेक नको, मागं ट्रक आहे. सरळ. सरळच. आता रस्ता जरा उजवीकडं वळतोय, ने हळू. अशी. पुढं लाल दिवे आहेत, लांब आहेत. सरळ."

"थांबू का?"

"इथं नाही. इथं थांबलीस तर मागचा येऊन धडकेल. चालव."

"नंदे, मला भ्या वाटतंय म्हणून नाही गं, पण..."

"काही बोलू नको. सरळ."

मी इंडिकेटरच्या बटणासाठी तिच्या मांडीवरून हात घातला, धोक्याचे चारी दिवे लावले. मागचे लोक शिव्या देत, हॉर्न मारत बाजूनं निघून गेले. जाऊ देत. मी सांगत होते, ती नेत होती. सरळ. थोडं डावं. सरळ. तो पूल किती लांब आहे हे कुणाला मोजायचं असेल तर त्यानं असा पार करावा. एकीकडं मनात सारखं येत होतं, नव्या बल्बला नावं ठेवायलाही जागा उरली नाही.

उताराची पाटी दिसली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. खाली उतरून एका पेट्रोलपंपाच्या कडेला तिनं गाडी लावली, किल्ली फिरवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. इंजिन बंद झाल्यावर मला तिचा श्वास ऐकू आला. मी तिला जवळ घेतलं. दोघीही रडलो नाही. रडायला अंगात बळच नव्हतं.

"मला वाटलं होतं बल्ब आहे," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं होतं."

विमानतळ

पुढं मी चालवली. तिसरा गियर जाता जात नव्हता, स्टीअरिंग तर जात्यासारखं जड, रस्ता अनोळखी आणि पाट्या वाचेपर्यंत मागं पडणाऱ्या. एक वळण चुकले, तर वळसा घालून यावं लागलं. मावशी शेजारच्या सीटवर पदर घट्ट धरून बसलेली. सबंध वाटेत ती एकच वाक्य बोलली, "दिवे छान लागलेत हां."

विमानतळाची कमान आली. तिथं उजेड असा की सुई पडली तरी दिसावी. मी गाडी कडेला घेतली. सबंध वाट मी याच विचारात होते, तो बोलून टाकला. "मावशी, आता तू बस इकडं. पुढं दिव्यांचा झगमगाट आहे, सावकाश दारापर्यंत जाऊ. नितीन आला की म्हणू तू दमलीस, आणि परत जाताना मी चालवते. त्याला काय कळतंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मोह झाला होता तिला, मला दिसलं. हात दाराच्या खिट्टीवर गेलाही होता. कोण सोडेल हो असं? दोन वर्षं भांडून, दिवसभर चोरून खपून, शेवटचा वीतभर रस्ता राहिलेला.

मग तिनं हात मागं घेतला. "नक्को," ती म्हणाली. "चल तूच."

नितीन ट्रॉली ढकलत बाहेर आला. लांबूनच गाडी दिसल्यावर आधी तो दिव्यांकडं बघत आला, हे मी टिपलं. डावा, उजवा. दोन्ही सुरू. त्याचा चेहरा कसनुसा झाला, म्हणजे हरल्यासारखा आणि बरं वाटल्यासारखा, दोन्ही एकदम. तो वाकून म्हणाला, "काय आई! आणलीस की गाडी! मानलं तुला." आणि मग मी स्टीअरिंगपाशी आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

मी तोंड उघडलं. मावशी दमलीय, असं म्हणणारच होते. पण ती दार उघडून खाली उतरली, चंदेरीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि त्याच्यापुढं उभी राहिली.

"मी नाही आणली. नंदानं आणली. मी पुलापर्यंत आणली आणि मग मला जमलं नाही. गाडी चांगली आहे, नितीन. गाडीत काही बंद नाही. मला अंधारात दिसत नाही."

मागं शिट्टी फुंकत पोलीस आला, गाडी हलवा म्हणाला. कुणीच हललं नाही. मला वाटलं, आता हा म्हणणार, मी सांगत नव्हतो? दोन वर्षं मावशी तेच ऐकत आली होती त्याच्या तोंडून. पण तो ट्रॉलीची दांडी धरून नुसता उभा राहिला. जिंकल्यावर माणूस असा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

"दिवसा दिसतं ना?" त्यानं विचारलं.

"दिवसा दिसतं. बारीक दिसत नाही, पण दिसतं."

"मग... उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणतो. दिवसा चालव की. भाजीला, भिशीला. कोण नको म्हणतंय?"

तिनं त्याच्या शर्टाची बाही चिमटीत पकडली. लहान पोर बाजारात आईचा पदर धरतं तशी.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. दोन वर्षं झाली मी जात नाहीय. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. एकटीनं जायला भीती वाटते रे मला."